पांढऱ्या शिरा

बोरगाव मंजूच्या इंदूबाई तायडे अकोल्याजवळच्या एका संशोधन केंद्रावर बावीस वर्षं ज्वारीचा संकर करत होत्या. काम भलतंच बारीक. ज्वारीच्या इवल्याशा फुलात नर-मादी एकत्रच असतात. संध्याकाळी चिमट्यानं त्यातले नर-केसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या ताटाचा, म्हणजे रोपाचा, पराग त्यावर झटकायचा. इंदूबाईंचा हात चुकत नाही, असा लौकिक होता.

पण अलीकडे त्यांच्या डाव्या डोळ्यापुढं धुकं यायचं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

खरिपात केंद्रातल्या शास्त्रज्ञ डॉ. अपेक्षा मॅडमनी त्यांना संकरासाठी ज्वारीच्या दोन वाणांची एक जोडी दिली. आई गोड, रसाळ, पण बुटकी. बाप उंच, भरल्या कणसाचा, पण धांडा आतून कापसासारखा कोरडा. दोघांचे गुण एका ताटात आले, तर दाणा घरात जाईल आणि रसाचं इंधन होईल.

रब्बीत ते बी पेरलं. दीड महिन्यानं इंदूबाई वाफ्यात शिरल्या आणि थबकल्या. रसाळ ताटाच्या पानाची मधली शीर मळकट हिरवी असते, कोरड्याची पांढरी. इथं झाडून सगळ्या शिरा पांढऱ्या!

आपलाच हात चुकला आणि रस हरवला, त्यांनी ठरवून टाकलं. सुट्टीच्या दिवशीही त्या वाफ्याला चकरा मारू लागल्या. पानं उलटून पाहायच्या, परत पाहायच्या.

"काहून जीव खाऊन राहिली?" नवरा श्रावण वैतागला. "मॅडमले सांग न एकदाचं."

"अन् डोळ्याचं इचारलं तं? चिमटा काढून घेतील हातातून."

आठवडाभर त्या घुसमटत राहिल्या. शेवटी मॅडम वाफ्यात आल्या तेव्हा बांध फुटला.

"मॅडम, माह्या हातून चुकलं. डावा डोया धड दिसत नायी मले. तुमची एक सालाची मेहनत मी मातीत घातली."

अपेक्षा मॅडमनी एक पान हातात घेतलं. "इंदूताई, या ताटांची आई कोण?"

"रसाळवाली."

"तुमचा हात चुकला असता, तर आईनं स्वतःचंच बी धरलं असतं. मग ही पोरं आईसारखी हिरव्या शिरेची झाली असती. पांढरी शीर बापाची. ती दिसते म्हणजे संकर साधलाय."

"अन् रस? रस कोठी गेला?"

"दबून बसलाय. कोरडेपणा जबर असतो, पहिल्या पिढीत तोच वर येतो. यांचंच बी पेरा, चारातलं एक ताट रसाळ निघेल."

इंदूबाईंचा यावर पुरता विश्वास बसला नाही. मॅडमच्या आग्रहानं त्यांनी उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं; पण पट्टी बांधलेली असतानाही 'नाही निघालं तर?' हेच डोक्यात घुमत होतं.

पुढच्या खरिपात चारशे ताटं उभी राहिली. इंदूबाई ओळीओळीनं शिरा पाहत चालल्या. पांढरी, पांढरी, पांढरी... आणि मग एक मळकट हिरवी. संध्याकाळपर्यंत अशा सत्त्याण्णव ताटांना सुतळ्या बांधून झाल्या. त्यातली सातच बापासारखी उंच आणि भरल्या कणसाची होती.

"आता झालं काय वाण तयार?" त्यांनी विचारलं.

"गुण पक्के व्हायला अजून पाच-सहा पिढ्या, ताई."

इंदूबाईंनी आभाळाकडं पाहिलं. वारा सुटला होता, आणि ती सात उंच ताटं वाकू लागली होती. त्या टेकू द्यायला बांबू शोधायला धावल्या.