कूलर बंद करू नये

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीला एसी होता आणि आम्हा माणसांच्या खोलीला पंखा. नागपूरच्या मे महिन्यात त्या पंख्याखाली बसणं म्हणजे फोडणीत बसणं. मुलं तिथे बसून कार्डांना भोकं पाडत. प्रोग्रामची एकेक ओळ एकेका कार्डावर. मग तो गठ्ठा आतल्या यंत्रानं गिळायचा आणि उत्तर छापून द्यायचं.

पुढे प्रोग्रामिंग शिकवता शिकवताच माझे केस पांढरे झाले. पण तेव्हा साडी कडक इस्त्रीची आणि मी त्याहून कडक. प्राचार्यांशी वर्षभर भांडून मी त्या खोलीत कूलर मिळवला. तो सुरू झाला नेमका परीक्षेच्या आदल्या दिवशी. लगेच लाल रंगात पाटी रंगवली, "कूलर बंद करू नये." खाली माझी सही. सही केल्याशिवाय मला तेव्हा पाणीसुद्धा गोड लागत नसे.

पहिल्याच तुकडीची प्रॅक्टिकल परीक्षा. मुलं नापास झाली तर वर्ग बंद, आणि मी परत अकरावीच्या गणितावर. प्राचार्यांनी हे फार गोड हसून सांगितलं होतं.

परीक्षक पुण्याकडचे. डोक्यावर ओला रुमाल टाकूनच रिक्षातून उतरले, कूलरपुढे खुर्ची ओढली आणि तिचेच झाले.

पहिला गठ्ठा आत गेला. यंत्रानं दोन कार्डं खाल्ली आणि तिसऱ्याला घास अडकला. दुसऱ्या गठ्ठ्याचंही तेच.

"कार्डं नीट रचत नाही तुम्ही!" मी कडाडले.

पारशिवनीची एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "रचाचं काय घेऊन बसल्या जी, मॅडम? कार्डं सादळून राहिले."

मी एक कार्ड झटकलं. एरवी खडखड वाजायचं ते. कालच्या पापडासारखी मान टाकून बसलं. माझ्या लाडक्या कूलरची ओली हवा रात्रीतून सगळ्या गठ्ठ्यांत शिरली होती.

"सर, कूलर जरा बंद करू का?"

परीक्षकांनी डोळे न उघडता पाटीकडे बोट केलं. "सही कुणाची?"

"माझीच."

"मग? शिस्त म्हणजे शिस्त, बाई."

आता आधार एकच. सासूबाईंनी परीक्षकांसाठी डबा दिला होता. "सर, आधी जेवून घ्या. वडाभात आहे."

वडाभाताचं नाव ऐकून ते उठले. जाता जाता मी त्या मुलीच्या कानात सांगितलं, "कूलर बंद. एसीतले कोरे गठ्ठे काढा आणि सगळं पुन्हा करा."

"अन् पाटी जी?"

"पाटीवर ओढणी टाक."

स्टाफरूममध्ये मी वाढत राहिले. भातावर वडे कुस्करले, वर हिंगाचं तेल सोडलं, आणि नको नको म्हणता आणखी वाढलं. सरांना खुर्चीतच डुलकी लागली. जाग आली तेव्हा समोर मुलं घामानं निथळत, हातात छापलेली उत्तरं घेऊन उभी.

"एवढा घाम?" ते म्हणाले. "यंत्राची भीती वाटते वाटतं!"

सगळी पास झाली. वर्ग वाचला. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, "गारव्याची सोय उत्तम, वाढवावी." मला वर्षभर टोलवणाऱ्या प्राचार्यांनी ताबडतोब दुसरा कूलर धाडला.

निकाल बघायला आलेली ती मुलगी त्याच्याकडे बघून म्हणाली, "याची पाटी कोनं लिहाची जी, मॅडम?"

"तूच लिही," मी म्हटलं, "आणि सहीही तुझीच कर."