अपघातानंतरची आई

आश्विनातल्या रखरखीत उन्हात रिक्षा दाराशी थांबली आणि बाबांच्या खांद्याला धरून आई उतरली. डोक्यावर केस नव्हते, कानामागून वर गेलेली टाक्यांची लालसर रेघ तेवढी दिसत होती. गंगापूर रस्त्यावर लुनावरून पडल्यापासून दीड महिना ती दवाखान्यात होती. मी नऊ वर्षांची. दाराला झेंडूचं तोरण बांधून उभी. तिनं माझ्याकडं पाहिलं, माझं नाव घेतलं… आणि परक्या घरात शिरावं तशी ती आत गेली.

आधीची आई शिकेकाईच्या, लसणाच्या, भाजत्या भाकरीच्या वासांची होती. माझे केस हुंगून ‘आज चिंचेखाली खेळलीस’ म्हणायची. आता तिला वासच येत नव्हता. एकदा दूध करपून घर धुरानं भरलं, तरी ती शेजारी शांत बसलेली. मी ओरडले, तर तिनं पळी फेकून मारली. त्यानंतर शाळेतून आले, की बाबा येईपर्यंत मी पायरीवरच बसून राहायची. मैत्रिणी येईनाशा झाल्या होत्या.

दर गुरुवारी दवाखान्यातल्या एका खोलीत डोक्याला मार लागून बदललेल्या माणसांच्या घरचे लोक जमत. पाचोडचे एक काका भावाबद्दल म्हणाले, “घरात हाय, पर आमच्यात नाय.” बाबा मलाही घेऊन गेले होते. मग तिथल्या समाजसेविका ताईंनी मलाच विचारलं, “तुला काय वाटतं गं?”

“माझी आई कुठं गेली?”

कुणी हसलं नाही. ताई म्हणाल्या, “माणूस समोर असतानाही त्याच्यासाठी रडू येतं, बाळा. रड. आणि ही जी घरी आली आहे, तिच्याजवळ रोज थोडा वेळ बस. तिला जुनं शिकवू नकोस, नुसती बस.”

बाबा त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

मी बसू लागले. आम्ही दोघी न बोलता शेंगा सोलायचो. कितीतरी महिन्यांनी एका संध्याकाळी तिनं विचारलं, “मी आधी कशी होते गं?”

मी सांगत गेले. दुसऱ्याच कुणा बाईची गोष्ट ऐकावी तसं तिनं ऐकलं. मग हळूच म्हणाली, “चांगली होती ती. तुला लई आठवण येत असंल.”

“व्हय,” मी म्हटलं. तिनं सोललेले दाणे माझ्या ओंजळीत ठेवले.

पुढं तीस वर्षं ती अशीच जगली — चिडकी, सरळ बोलणारी, कधी अवचित मायाळू. ती गेली तेव्हा भेटायला आलेले सगळे अपघाताच्या आधीचीच आई आठवत राहिले. मी चहा देत ऐकत होते. मी जिच्यासाठी रडत होते, तिची ओळख तिथं कुणालाच नव्हती.