बिनपत्तीचा चहा

आमच्या जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणाल्या, तीन महिने चहा-कॉफी पूर्ण बंद करून बघू. या वयात छातीत धडधड होते, झोप उडते, घाबरण्यासारखं काही नाही, पण त्यात कॅफिनची भर नको. मी बाहेर आले आणि पार्किंगमध्येच फोनवर यादी केली: कॅमोमाइल, आलं-लिंबू, तुळस, जे जे पाकिटात मिळतं ते. संध्याकाळपर्यंत ओट्यावर खोकी ओळीने लागली होती. माझ्या मते विषय संपला होता.

पाकिटातल्या चहाची सोय मात्र मोठी. किटली चालू करा, मगात पुडी टाका, वर पाणी ओता. पातेलं नाही, गाळणं नाही, घासायला काही नाही. चव म्हणाल तर गरम पाण्याला कोणीतरी लांबून फूल दाखवून परत नेल्यासारखी. पण औषध म्हणून चालण्यासारखी होती.

अडचण वेगळीच निघाली. माझ्या लेकीची बारावी नुकतीच संपली होती आणि तिच्या हातात दोन युनिंच्या, म्हणजे युनिव्हर्सिट्यांच्या, ऑफर होत्या. एक घरून ट्रेनने जाण्यासारखी, दुसरी वॉलॉंगॉंगची. आमच्या क्वेकर्स हिलहून इतक्या लांब वॉलॉंगॉंगला रोज जाऊन-येऊन शिकणं शक्य नाही, म्हणजे ती घेतली तर तिकडेच राहायचं. शुक्रवारी मुदत संपत होती आणि हिच्या मनात काय आहे याचा मला पत्ता नव्हता. विचारलं की "आय डोन्ट नो येट, आई," आणि खोलीचं दार बंद. नवरा म्हणाला, ठरवू दे तिला. ते ती ठरवणारच होती. मला फक्त कळायला हवं होतं.

आधी असं नव्हतं. दुपारी मी चहाचं पातेलं चढवलं की ती येऊन ओट्यावर बसायची. दूध उतू जाईल म्हणून मला हलता यायचं नाही, फोन बाजूला, डोळे पातेल्यावर. ड्रायव्हिंग टेस्ट नापास झाल्याचं तिने मला तिथेच सांगितलं होतं. मैत्रिणीशी झालेलं भांडण, मॅथ्स सोडायचा विचार, सगळं तिथेच. समोर बसवून विचारलं असतं तर यातलं एकही बाहेर आलं नसतं. आता किटली खटकन बंद व्हायची, मी तिच्या हातात मग द्यायचे, ती "थँक्स" म्हणून आत.

हे लक्षात आल्यावर मी खोकी कपाटात वरच्या फळीवर टाकली. मला उकळावा लागणारा चहा हवा होता.

वेंटवर्थव्हिलच्या इंडियन दुकानातून सुंठ, ज्येष्ठमध, बडीशेप आणि गुलाबाच्या सुक्या पाकळ्या आणल्या. गवती चहा मागे कुंडीत होताच. शेजारच्या आजींकडे लेमन मर्टलचं, लिंबाच्या वासाच्या पानांचं, झाड आहे. त्यांनी कुंपणावरून एक फांदी दिली आणि बजावलं की एका वेळी एकच पान टाक, फार उग्र असतं. मी चार टाकली आणि बडीशेपेबरोबर खळखळून उकळली.

चाखायला लेकीला बोलावलं. नवऱ्याचा या कामी उपयोग नाही. मीटिंग चालू असताना त्याला मी एकदा नुसतं गरम पाणी नेऊन दिलं होतं, तरी छान झालंय म्हणाला होता. लेकीने एक घोट घेतला.

"आई, धिस इज फ्लोअर क्लीनर."

मंगळवारी लेमन मर्टल वगळलं आणि ज्येष्ठमधाचा मोठा तुकडा टाकला. "आता कफ सिरप. इम्प्रूव्हमेंट आहे," ती म्हणाली, पण ओट्यावर चढून बसली. मग आम्ही दोघींनी नीट लक्ष घातलं. मुळं आधी टाकायची आणि मंद आचेवर बराच वेळ ठेवायची, कारण सुंठ घाईने काही देत नाही. ज्येष्ठमध नखाएवढा पुरे. बडीशेप अर्धवट कुटून. गवती चहाची पात गाठ मारून शेवटी. आणि लेमन मर्टलचं एकच पान गॅस बंद केल्यावर, झाकणाखाली. गुलाब तिने रद्द केला. तिच्या मते त्याने चहाला लग्नाच्या हॉलचा वास येत होता.

बुधवारी चहा खरंच जमला. सौम्य, किंचित गोड, घशाला हलकं तिखट. ती भरपूर बोलली: कामावरची मॅनेजर, मैत्रिणीचा नवा कुत्रा, केस कापू का. युनिबद्दल अवाक्षर नाही. माझ्या तोंडाशी आलेला प्रश्न मी बडीशेप कुटण्यात घालवला. गरजेपेक्षा बरीच जास्त बडीशेप त्या दिवशी कुटली गेली.

गुरुवारी उकाडा इतका होता की गॅस पेटवणं म्हणजे वेडेपणा. मी पेटवला. ती आली, बसली, पाय हलवत पातेल्यात बघत राहिली. सुंठेचा वास सुटला. गवती चहा टाकला. आता गॅस बंद करायचा, एवढ्यात ती म्हणाली,

"मी वॉलॉंगॉंगला हो म्हटलंय. मंडेलाच."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

"कारण तू लगेच लिस्ट करशील. बेडशीट्स, कुकर, कुठली ट्रेन. आय नो यू. मला जरा घाबरायचं होतं आधी."

खरं तर डोक्यात यादी सुरू झालीच होती. गादीच्या खोळीपर्यंत पोचलेसुद्धा होते. यादी तिथेच सोडून मी गॅसच्या बटणाकडे हात नेला. तेवढ्यात ती पुढे बोलायला लागली. अनोळखी मुलींबरोबर एका घरात कसं राहायचं, स्वयंपाक कोणी करायचा, कोर्स आवडला नाही तर काय, आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी यावंसं वाटलं तर दर वेळी आलं तर चालेल का, की ते बेबीसारखं दिसेल. चालेल, मी म्हटलं. बेबीसारखं दिसलं तरी चालेल. ती हसली आणि नाक पुसून पुढच्या काळजीवर गेली.

चहा केव्हाच होऊन गेला होता, रंग काळपट पडला होता, पातेल्यात तळाशी कपभरच उरला होता. मी बटणावरचा हात काढला, नळाखाली भांडं धरलं आणि पातेल्यात आणखी पाणी ओतलं.