सेल्वराजच्या लॉरीचा काळा धूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि आता सांगतोय, तेही या लिपीत — कारण आमच्या घरात ही अक्षरं माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. आम्ही तंजावरची मराठी माणसं. घरात मराठी बोलतो, पण दुकानाची पाटी, लग्नाची पत्रिका, मुलांचा अभ्यास, सगळं तमिळमध्ये. म्हणजे कबूल करतानाही मी आडोसा शोधलाच की नाही?

तिरुवैयारूच्या रस्त्याला माझं लॉरी दुरुस्तीचं शेड आहे. बहुतेक जुन्या गाड्या येतात, भात वाहणाऱ्या, नारळ वाहणाऱ्या. व्यंकटरावानं नुसता धूर बघितला की पुरे, असं ड्रायव्हर लोक माझ्याबद्दल म्हणतात. यात मोठं काही नाही. थंड इंजिन सकाळी पांढरा धूर सोडतं, थोड्या वेळानं तो जातो. जात नसेल तर बहुधा पाणी आत शिरतंय. निळा असेल तर ऑइल जळतंय. आणि काळा — काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. दोन्हींत धूर सारखाच दिसतो. तुम्हाला एवढं कळलं, तर पुढचंही सगळं कळेल.

इंजिनात डिझेल किती जायचं ते गाडीच्या पंपावर ठरतं, आणि आमच्या भागातल्या गाड्यांचे पंप कृष्णोजीमामा बसवायचे, म्हणजे खोलून, माप जुळवून द्यायचे. आईचे चुलतभाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच मला हाताशी घेतलं, पाना धरायला शिकवलं. ही अक्षरंसुद्धा त्यांनीच शिकवली, शेडच्या फरशीवर खडूनं. त्यांची खोली माझ्या शेडला लागूनच होती. आत पंप तपासायचं जुनं यंत्र. पंप फिरवला की काचेच्या नळ्यांमध्ये डिझेल उतरायचं, आणि मामा उकिडवे बसून एकेका नळीतली पातळी निरखायचे, सगळ्या सारख्या होईपर्यंत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं त्यांचं. पण नजर पक्की होती. हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

सेल्वराजची लॉरी आली ती पंप गळतो म्हणून. तो ओरत्तनाडूकडून भाताची पोती आणायचा. गाडी त्याच्या वडिलांच्या वेळची. पंप मामांकडे गेला, बाकीचं काम मी घेतलं. हवेचा पाइप काढला की इंजिनाच्या उघड्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून आम्ही फडकं कोंबतो. सगळेच कोंबतात. माझं फडकं बायकोच्या जुन्या हिरव्या साडीचं होतं. मामांनी पंप बसवून दिला, मी पाइप परत लावला — आणि फडकं आतच राहिलं. कसं राहिलं? उकाडा होता, फोन वाजत होता... नको. राहिलं, बस्स.

शेडमध्ये गाडी बरी चालली. ओझं चढल्यावर मात्र कावेरीच्या पुलाच्या चढावर तिचा दम संपला. मागच्या मोपेडवाल्यांना समोरचं दिसेना इतका काळा धूर. सेल्वराज भर दुपारी, भरलेली गाडी तशीच रखडत घेऊन आला. शेडसमोर चहा पीत उभ्या असलेल्या ड्रायव्हरांच्या देखत ओरडला, "अण्णे, काय करून ठेवलंत माझ्या गाडीचं?"

मी त्याला गाडी रेस करायला लावली. काळा धूर. डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी हवा बघायची, ती सोपी. सेल्वराज गाडी बंद करून नळावर तोंड धुवायला गेला, मी पाइप ढिला केला — आणि आत हिरवं दिसलं.

त्या वेळी काय लागत होतं मला? तोंड उघडायचं, एवढंच. माझं फडकं राहिलं, असं म्हणायचं. लोक हसले असते, चार दिवस चहावर चेष्टा झाली असती. ती चेष्टा मला सोसवणार नव्हती. मी ते ओढून काढलं आणि शर्टाच्या आत, पोटाशी खुपसलं. गरम होतं. तेलकट.

मग पाइप आवळला, आणि सगळ्यांना दिसेल असा पंपावर पाना लावला. नुसता लावला. फिरवला काहीच नाही.

"आता लाव गाडी."

धूर गेला. सेल्वराज खूश झाला. "काय होतं, अण्णे?"

"पंप. डिझेल जास्त सोडत होता."

"पण तो तर मामांनी बसवला ना?"

आणि मी म्हणालो, "वय झालं रे त्यांचं. दिसत नाही आता."

हे मला कुणी विचारलं होतं का? पंपावर ढकलून मी थांबू शकलो असतो. पंप बिघडतात, त्यात कुणाची बदनामी होत नाही. मी त्यांच्या डोळ्यांपर्यंत का गेलो? अजूनही मला याचं उत्तर सापडलेलं नाही. किंवा सापडलंय, आणि ते लिहायचा धीर नाही — लोक पंपासाठी अजून त्यांना विचारायचे, मला नाही.

लॉरी स्टँडवर बोलणं पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी मामा स्वतः आले. रागावून नाही. दाराशी उभे राहून चष्मा पुसत म्हणाले, "व्यंकटा, कुठली नळी चुकली रे माझी?"

"सगळ्याच थोड्या वर होत्या, मामा."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "मला तर सारख्या दिसल्या."

मी पाने पुसून पेटीत ठेवायला लागलो.

त्यानंतर प्रत्येक पंप ते मला दाखवायला आणू लागले. "बघ रे जरा, बरोबर आहे ना?" बरोबरच असायचा. मी बघितल्यासारखं करायचो आणि मान हलवायचो. पुढे त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना. बसवलेला पंप ते पुन्हा खोलायचे, पुन्हा बसवायचे, गिऱ्हाइकाला देईनात. गिऱ्हाइकं कुंभकोणमला जाऊ लागली. एक दिवस यंत्र विकून त्यांनी खोलीला कुलूप लावलं. मग सायकल सोडली. मग दाढी स्वतः करणं सोडलं. मीठ की साखर, हे रुक्मिणीअक्काला — त्यांच्या मुलीला — विचारायला लागले. तिनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. मामांना वाटलं, डॉक्टर म्हाताऱ्याची समजूत काढतोय. डॉक्टरवर विश्वास नव्हता त्यांचा. माझ्यावर होता.

शेवटी ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो की त्याच लॉरीची गोष्ट काढायचे. एकदा माझा हात धरला आणि म्हणाले, "भरलेली गाडी होती रे. पुलावरून मागे घसरली असती तर? माणसं गेली असती माझ्यामुळे. तू होतास म्हणून निभावलं."

रुक्मिणीअक्का आत रसम गरम करत होती. खोलीत आम्ही दोघंच. मी वाकलो असतो तर त्यांच्या कानाशी चार शब्द सहज सांगता आले असते. त्यांचे डोळे माझ्याकडेच होते, स्वच्छ, नीट बघणारे.

मी म्हणालो, "झोपा मामा."

पुढच्याच आठवड्यात ते गेले. डोळ्यांनी दगा दिला हेच मनात धरून गेले.

तेराव्याला सगळे नातेवाईक जमले. जेवणाच्या वेळी मी मागे, खांबाआड बसलो होतो. रुक्मिणीअक्कानं मला हाताला धरून पुढे आणलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आप्पांची चूक यानं वेळेवर पकडली, नाहीतर कुणाच्या तरी जिवावर बेतलं असतं. शेवटपर्यंत याचंच नाव घेत होते." मग तिनं केळीचं पहिलं पान माझ्यापुढे मांडलं, आणि स्वतः वाढलं.

मी जेवलो. भात दोनदा मागून घेतला.