आधी घरी वाचून दाखवा

काल सकाळी आमच्या नलिनी मॅडम गेल्या आणि दुपारपर्यंत आमच्याच ऑफिसने त्यांना एक पत्नी आणि दोन मुलं देऊन टाकली.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं.

आमच्या शिक्षण संस्थेच्या जनसंपर्क विभागाच्या त्या प्रमुख. मी त्यांच्या हाताखालचा. ऑफिसात शोकसंदेशाची एक तयार फाईल आहे. माणूस गेला की ती उघडायची, नाव बदलायचं, पाठवून द्यायचं. मागच्या वेळी एक निवृत्त हेडमास्तर गेले होते. काल आमच्यातल्या एकाने रडत रडत वरचं नाव बदललं. खालची ओळ हेडमास्तरांचीच राहिली.

'पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे.'

आणि अर्थातच 'कधीही न भरून निघणारी पोकळी'.

ही फाईल मॅडमनी कितीदा डिलीट केली असेल! दरवेळी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून ती परत यायची. त्या चिडायच्या. "अबे, पोकळी पडायले माणूस काय भिंतीतला खिळा हाय?"

संपादकांशी फोनवर मॅडम एकदम पुस्तकी बोलायच्या. फोन ठेवला की लगेच त्यांच्या राळेगावच्या बोलीत.

मी झरी जामणीकडचा. नोकरीला लागलो तेव्हा मला माझ्या बोलण्याची लाज वाटायची, म्हणून लिहिताना सगळे जड शब्द कोंबायचो. पहिलीच प्रेस नोट त्यांनी वाचली आणि पालथी ठेवली.

"उभा राह्य. आता सांग, काय झालं?"

"मॅडम, वसतिगृहाच्या नूतन वास्तूचा लोकार्पण..."

"माह्याशी बोलून राह्यला का माइकवर? तुह्या मायले फोनवर कसं सांगशील?"

"पोरींसाठी नवीन होस्टेल झालं. आता त्यायले रोज एसटीनं ये-जा करा लागत नाई."

"हाव. हे लिव."

मी लिहायला शिकलो ते असं. उभं राहून. कितीतरी वर्कशॉप केली नंतर, सर्टिफिकेटं आहेत, पण त्यातलं काही लक्षात नाही.

मॅडमचा एक नियम मात्र कोणत्याही वर्कशॉपमध्ये नव्हता. मृत्यूची बातमी आधी घरी वाचून दाखवायची, मग पेपरला.

त्यामागे एक जुनी गोष्ट होती. पांढरकवड्याजवळ हायवेवर आमच्या स्कूल बसचा ड्रायव्हर अपघातात गेला. ऑफिसने तत्परतेने प्रेस नोट काढली. त्याच्या बायकोला ती किराणा दुकानात उभी असताना कुणाच्या तरी मोबाईलवर दिसली. मॅडम तिला भेटायला गेल्या तेव्हा ती एवढंच म्हणाली, "साऱ्या गावाले मालूम होतं. फक्त मलेच नाई."

तेव्हापासून हा नियम. मॅडम त्या दिवसाबद्दल कधी बोलल्या नाहीत. पण नियम मोडला की आवाज चढायचा.

काल तो नियम त्यांच्याच बाबतीत मोडला.

दुपारी राळेगावला अंत्यसंस्कार होते. सगळे गेले. मी नाही गेलो. ऑफिसात बसून एकेका पेपरच्या डेस्कला फोन करत होतो, "ती नोट थांबवा, चुकीची आहे." संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर ती कधीच फिरली होती. खाली हात जोडलेले इमोजी. कुणीही पूर्ण वाचली नव्हती, हे त्यावरूनच कळलं.

तिकडे चिता पेटली तेव्हा मी कुणातरी उपसंपादकाला सांगत होतो की बाई अविवाहित होत्या. याचं मला फार वाईट वाटतंय. वाटत राहील.

नवीन नोट लिहिली. आधी उभा राहून मॅडमच्या रिकाम्या खुर्चीला सांगितली, मग बसून टाईप केली.

आणि मग राळेगावला फोन लावला. मॅडमच्या आईला, आजींना.

त्या लिहायला-वाचायला शिकलेल्या नाहीत. मॅडम रोज संध्याकाळी ऑफिस सुटताना त्यांना त्या दिवसाची प्रेस नोट फोनवर वाचून दाखवायच्या. पार्टिशनपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं. "मायले समजलं म्हंजे जिल्ह्याले समजते," असं त्या म्हणायच्या.

काल मी फोन केला तो नेमका त्याच वेळी. मुद्दाम नाही. पेपरची वेळ संपत आली होती म्हणून.

आजींच्या पुतण्याने फोन त्यांच्या कानाला लावला. मी काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला,

"हां. वाच."

रोजच्या सवयीने.

मी वाचलं. कुठल्या, काय काम केलं, कशाने गेल्या. शेवटी, 'त्यांच्या पश्चात आई आहे.'

मागे बायकांचं रडणं.

"पश्चात म्हंजे?"

"मागे राहिलेलं माणूस, आजी."

"मंग तसं काहून नाई लिवत?"

मग म्हणाल्या, "लिव. मागं माय राह्यली."

मी तसंच लिहिलं. आज पेपरात तसंच आहे. एका उपसंपादकाने विचारलं, "ही भाषा चालेल का?" म्हटलं, घरून आलीय, हात लावू नका.

फोन ठेवण्याआधी आजींनी विचारलं, "उद्या कोण वाचून दाखवन रे मले?"



आज ऑफिसात प्रेस नोट नाही. सुट्टी दिलीय. मॅडमची खुर्ची कुणीतरी भिंतीकडे सरकवून ठेवलीय.

संध्याकाळी मी राळेगावला फोन करणार आहे. काय वाचायचं ते ठरलेलं नाही. बहुतेक हेच वाचेन.

म्हणून पोस्ट करायच्या आधी उभं राहून एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

या आता, मॅडम. तुमच्या मायले मी फोन करत जाईन.