एका वेळी एकच अर्ज

मॅट्रिकला मी शाळेत पहिली आले, तेव्हा मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मला शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी डी.एड.ला प्रवेश हवा, आणि ज्या त्या कॉलेजकडे वेगळा अर्ज करावा लागे. शाळेतल्या आमच्या बाईंनी चार कोरे अर्ज आणून दिले. सातारा, वाई, फलटण आणि सांगली. "चारही पाठव, कुठंतरी नंबर लागेल," म्हणाल्या. गुणपत्रिकेच्या चार नकला मी हातानं लिहून काढल्या. हेडमास्तरांनी प्रत्येकीवर सही-शिक्का दिला.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चारही अर्ज घोंगड्यावर ओळीनं मांडले. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते कोरेगावजवळच्या आमच्या गावात ऊस करत होते.

"चार ठिकाणी कशाला गं?"

"बाईंनी सांगितलंय."

"उद्या चौघांनीबी ये म्हटलं, तर तिघास्नी काय तोंड दावायचं?"

मला हसू आलं, पण ते चेष्टा करत नव्हते. थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी फलटणकडच्या एका घरी विचारलं होतं. उत्तर यायला तीन महिने लागले. तेवढ्यात दोन चांगली स्थळं दारात आली, ती आबांनी चहा पाजून परत लावली. एका घरी शब्द टाकला की तिथून हो-नाही येईपर्यंत दुसरीकडे बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. बहिणीला शेवटी तेच घर मिळालं आणि आबांचा रीतीवरचा विश्वास आणखी पक्का झाला.

मी म्हणाले, "आवं आबा, कॉलेजात ढिगानं अर्ज येत्यात. आपण चार ठिकाणी इचारलंय हे त्यास्नी ठावंबी व्हनार न्हाई."

"त्यास्नी नसंल. आपल्याला ठावं हाय न्हवं?"

अर्ज एकच जायचा ठरला. कुठलं कॉलेज ते मात्र त्यांनी माझ्यावर सोडलं. मी सांगली म्हणाले. सातारा रोजच्या पायाखालचा. सांगलीला मुलींचं वसतिगृह होतं, आणि मला घरापासून लांब राहून बघायचं होतं. बाई कळवळून म्हणाल्या, निदान सातारचा तरी टाक. उरलेले तीन अर्ज घेऊन मी एकदा टपालपेटीपुढं जाऊनही आले. टाकले नाहीत. आबांना फसवायचं धाडस झालं नाही, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आले. पण खरं सांगायचं तर पहिल्या आलेल्या मुलीला कोण नाही म्हणतंय, हा माज माझ्याही डोक्यात होताच.

वाट बघता बघता बाकीच्या कॉलेजांच्या मुदती सरल्या. मग सांगलीचं पत्र आलं. दोनच ओळी होत्या. जिल्ह्यातल्या मुलींना आधी घेतलं, बाहेरच्यांसाठी जागा उरल्या नाहीत.

आबांचा चेहरा मला वाटला होता तसा पडला नाही. "बरं झालं, आता साताऱ्याला इचारायला मोकळं झालो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी कोट घातला, त्यावर पलटणीतली पदकं लावली आणि मला घेऊन सकाळच्या एस.टी.नं साताऱ्याला निघाले.

कॉलेजातल्या कारकुनानं अर्ज हातातही घेतला नाही. "मुदत संपून दहा दिवस झाले की, काका."

"पर सांगलीचा नकार कालच आला," आबा समजावणीच्या सुरात म्हणाले. "त्याच्या आदी तुमच्याकडं कसं येणार?"

कारकुनाला काही उमगेना. त्यानं शेजारच्याला बोलावलं आणि आबांना पुन्हा सांगायला लावलं. आबांनी साहेबापुढं उभं राहावं तसं ताठ उभं राहून पुन्हा सांगितलं. दोघं हसले. वाईट माणसं नव्हती ती, त्यांना खरोखरच गंमत वाटली. आबा एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले, आणि आपलं काय झालं हे त्यांना तिथं, त्या टेबलापुढं कळलं. माझं कॉलेज गेलं याच्यापेक्षा ते बघणं मला जड गेलं. आजही जातं.

स्टँडवर गाडीची वाट बघताना ते म्हणाले, "चुकलं माजं, पोरी."

आबांच्या तोंडून हे शब्द कुणी ऐकले नव्हते, आईनंसुद्धा नाही. मला ते सोसवेनात. मी घाईघाईनं म्हणाले, "असू द्या आबा. घरी आईला मदत व्हईल माजी."

त्यांनी मान हलवली. माझ्या बोलण्यावर त्यांनी विश्वास ठेवला. पुढच्या वर्षी अर्ज निघाले, तेव्हा बाई बदलून गेल्या होत्या. घरात कॉलेजचं नाव ना आबांनी काढलं, ना मी. मार्गशीर्षात माझं लग्न झालं.

पोर गुणाची, एका शब्दानं बापाला बोलली नाही, असं नातेवाईक अजून सांगतात. बोलायला हवं होतं. त्या दिवशी स्टँडवर, सगळ्या माणसांदेखत, मी भोकाड पसरायला हवं होतं. मला किती शिकायचं होतं, ते आबांना तेव्हा कळलं असतं, आणि वर्षभरानं त्यांनी मला घेऊन प्रत्येक कॉलेजचं दार वाजवलं असतं.