गार इंजिन

काकूचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: स्वतःच्या तळहातावर आणि नवऱ्याच्या भोळेपणावर. बाकी सगळं जग ती चाळणीतून गाळून घ्यायची. दूधवाला जास्त गोड हसला, की त्या दिवशी दूध पुन्हा मापून घ्यायची. पाहुण्याने न मागता खोलीची तारीफ केली, की त्याच्या मागे जाऊन उशा मोजायची.

घाटाच्या पायथ्याशी, हमरस्त्याला लागून तिचं लॉज होतं. पुढे फरशीचं अंगण, बाजूला पत्र्याची शेड. मोटारसायकलवरून देशामागून देश पालथे घालणारे परदेशी इथे मुक्कामाला यायचे. कुणाचा प्रवास इथे संपायचा, कुणाचा इथून सुरू व्हायचा. प्रवास संपलेला माणूस आपली गाडी निघणाऱ्याच्या गळ्यात घालून विमानाने घरी जायचा. गळ्यात घालून म्हणजे विकून. पण काकूच्या तोंडी शब्द तोच. अशा प्रत्येक सौद्याला तिचा ‘हं’ लागायचा. त्यात ती काही घेत नसे, म्हणून तर त्या ‘हं’ला वजन होतं. काकूच्या शेडमधली गाडी मध्येच दगा देत नाही, हे भलत्याच मुलखातले लोक एकमेकांना सांगायचे.

पद्धत ठरलेली. सौद्याच्या आदल्या संध्याकाळी विकणाऱ्याने किल्ली काकूकडे द्यायची. ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकायची. सकाळी घेणाऱ्याच्या देखत काकू इंजिनावर तळहात ठेवायची. इंजिन गार लागलं तरच किक मारायची. कारण विकणारे बिलंदर. आधीच उठून गाडी तापवून ठेवतात. मग ती अर्ध्या किकेत सुरू होते. आणि घेणारा बिचारा पुढच्या घाटात, गारठ्यात, तिला लाथा घालत बसतो.

त्या दिवशी विकणारा होता उंच्या. हे नाव काकूनेच ठेवलेलं. मुक्कामाला आल्यापासून रोज दाराच्या चौकटीला त्याचं कपाळ आपटत होतं. संध्याकाळच्या विमानाने तो कायमचा घरी चालला होता. गाडी आज गेली नाही तर कोपऱ्यावरचा भंगारवाला टपलेलाच होता. आणि अर्धं जग फिरवून आणलेली गाडी त्याच्या हातोड्याखाली द्यायची, या विचाराने उंच्याला आदल्या रात्री जेवण गेलं नव्हतं. घेणार होत्या मास्तरीणबाई. शाळेतून लांब रजा घेऊन एकट्याच निघालेल्या. कपाळावर कायम आठी.

काकूने हात ठेवला आणि तसाच राहू दिला. नुकत्याच रिकाम्या झालेल्या चहाच्या कपासारखं इंजिन कोमट होतं.

“दुसरी किल्ली काढ,” ती उंच्याकडे न बघता म्हणाली.

“कसली दुसरी? काकू, मी आत्ता उठतोय. दातसुद्धा घासले नाहीत.”

“ते कळलं मला. किल्ली काढ.”

उंच्याने खिसे उलटे केले. एक शिट्टी, एक सुकलेलं लिंबू आणि विमानाचं तिकीट निघालं. “मी स्वतःहून सांगितलं होतं ना, सकाळी तीन-चार किका खाते म्हणून? मग लपवू कशाला?”

“थोडं खरं सांगितलं की मोठं खोटं पचतं.”

वन्सं, म्हणजे काकूची नणंद, स्वयंपाकघराच्या दारात कांदा चिरत उभ्या होत्या. “वहिनी, हा बाबा पहाटे बाहेर पडला असता तर चौकट वाजली असती की. मी दाराशीच झोपते.”

“मग तुम्हीच सगळ्यांच्या आधी उठता, वन्सं.”

“मी? मला त्या गाडीवर चढायला शिडी लागेल.” वन्सं पुन्हा कांद्याकडे वळल्या. जरा घाईनेच वळल्या, असं काकूला वाटलं.

मास्तरीणबाईंनी पिशवी खांद्याला लावली. “मी दुसरीकडे बघते.”

उंच्या पायरीवर बसला. तिथे एवढ्या लांब माणसाची घडी झाल्यासारखी दिसत होती.

तेवढ्यात काकूचा नवरा चहाचा ट्रे घेऊन आला. त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणायचे. उभा जन्म ट्रकवर गेलेला. डावा डोळा गेल्यावर डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा तो एका शब्दाने बोलला नव्हता. किती समजूतदार माणूस, असं काकू कौतुकाने चारचौघांत सांगायची. एरवी चहा पोटात जाईपर्यंत त्याचं तोंड उतरलेलं असायचं. आज मात्र तो गुणगुणत होता.

काकू बघत राहिली. “अहो, इकडे या.”

“चहा तर देऊ दे.”

“ट्रे ठेवा. तुमच्या केसांना इस्त्री कुणी केली?”

ड्रायव्हरने डोक्यावरून हात फिरवला. “उशीने.”

“उशीला हेल्मेटसारखा हनुवटीखाली पट्टा असतो? वळ दिसतोय.”

वन्संचा कांदा चिरायचा थांबला.

“पाण्याच्या टाकीपर्यंतच जातो,” तो शेवटी म्हणाला. “जायचं आणि यायचं. लवकर जातो, मग तू हात लावेस्तोवर गाडी गार होते. आज उठायला उशीर झाला.”

“आज म्हणजे? रोज?”

“शेडमध्ये गाडी असेल तेव्हा.”

काकूने नणंदेकडे पाहिलं. वन्सं म्हणाल्या, “मला वाटलं, तुला ठाऊक असेल. हात लावला की तुला सगळं कळतं ना?”

काकूच्या डोळ्यांसमोर ते आलं. एका डोळ्याने, हमरस्त्यावर, अंधारात. आणि ती शेजारी घोरत पडलेली. उशा मोजणारी बाई.

पण तिला घाव बसायचा होता तो दुसरीकडून. मास्तरीणबाई थंडपणे म्हणाल्या, “म्हणजे किल्ली तुमच्या घरात, गाडी तापवणारा तुमच्या घरातला. तुम्ही आणि हा विकणारा मिळून तर करत नाही ना?”

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बाईंच्या जागी काकू असती तर तिनेही हेच विचारलं असतं.

“बसा इथेच,” ती म्हणाली. “गार होऊ दे. कुणी जागचं हलायचं नाही.”

शेडभोवती खुर्च्या मांडल्या गेल्या. मास्तरीणबाईंची नजर काकूवर, काकूची ड्रायव्हरवर, उंच्याची घड्याळावर. वन्संनी पोळ्यासुद्धा बाहेर आणून लाटल्या. उन्हं अंगणाच्या मध्यावर आली, तरी शेडमध्ये गारवाच होता. काकूने आपला हात पदराखाली घेतला. “तुमचाच हात लावा, बाई.”

मास्तरीणबाईंनी लावला. बराच वेळ ठेवला. “गार आहे.”

उंच्याने किक मारली. काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरीला गाडी खोकली. चौथीला सुरू झाली आणि पत्रा थरथरायला लागला.

मास्तरीणबाई ड्रायव्हरकडे वळल्या. “रस्त्यावर चालते कशी?”

त्याने आधी बायकोकडे पाहिलं.

“सांगा आता,” काकू म्हणाली. “नाहीतर पोट फुगेल.”

“पुढचा ब्रेक उशिरा धरतो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना रुसते, घाई करायची नाही. बाकी गाडी सज्जन आहे.”

सवयीने सगळ्यांनी काकूकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता? विचारलंत त्यांना.”

“हं,” ड्रायव्हर हळूच म्हणाला.

गाडी मास्तरीणबाईंच्या गळ्यात घालून उंच्या संध्याकाळी निघाला तेव्हा चौकटीला कपाळ आपटून, हसत निघाला.

त्या रात्रीपासून किल्ल्या काकूच्या कमरेला आल्या. ड्रायव्हर काही बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्यावर आता तिचा काडीचा भरवसा उरला नव्हता. पुढची गाडी शेडला लागली. सकाळी काकूने गार इंजिनाला हात लावला, किक मारून घेतली आणि जरा वेळ तशीच उभी राहिली. नुसत्या हाताला रस्त्यावरचं कळत नाही, हे तिला पटलं होतं. तिने पदर खोचला, कमरेची किल्ली सोडली आणि ड्रायव्हरच्या हातात दिली.

“टाकीपर्यंत. हळू. मी मागे बसते.”

“तू? कशाला?”

“तुम्ही काय काय लपवता ते बघायला.”

गाडी फाटकाबाहेर पडली. काकूने एका हाताने त्याचा शर्ट मुठीत धरला आणि मान डावीकडे वळवून ठेवली.

“डावीकडे कुत्रं.”

“दिसलं.”

“खोटं बोलू नका.”